ओरेस्टचं होला हो

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ज्या माणसानं बारा वर्षांत माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही, तो ओरेस्ट त्या दिवशी माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "हो, बरोबर आहे तुझं." बाहेर उणे एकतीस होतं, आणि मला घाम फुटला.

दिवस होता नव्या भरतीचा. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी करार संपलेले सगळे फुटबॉलवाले मोकळे होतात, आणि कुठल्या संघानं कुणाला उचललं ह्याच्या बातम्या अकरा वाजल्यापासून धडाधड यायला लागतात. कॅनडाच्या ह्या गव्हाच्या मुलखात, सस्काचवानात, फेब्रुवारीत दुसरं असतं काय? गहू कोठारात, ट्रॅक्टर शेडमध्ये आणि माणसं मारितेसच्या कॅफेत. इकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातानं फेकायचा, घेऊन पळायचं आणि आडवं येईल त्याला धडकायचं. आमचा संघ हिरव्यांचा. आमच्या गावचं पोर आधी हिरवा स्वेटर घालतं, मग नाव ठेवून घेतं.

कॅफेत खिडकीजवळ एक मोठं गोल टेबल आहे. सकाळी नऊला तिथं बसायचं, कॉफी ढोसायची आणि जगाला अक्कल शिकवायची, ही इथल्या म्हाताऱ्यांची रीत. पूर्वी आठ जण असायचे, सगळे बाप्ये. माझा नवरा एल्मर त्यातलाच. तो गेला, आणि पुढच्या सोमवारी मी जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. बाकीच्यांनी कपात तोंड घातलं. फक्त ओरेस्ट म्हणाला, "ही खुर्ची फुटबॉल कळणाऱ्याची आहे, व्हर्ना." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं एल्मर हिच्यावर कसा बसला?" तेव्हा आमचं जे जुंपलं ते जुंपलंच.

आता टेबल तेवढंच आहे, माणसं दोन. काही मातीआड गेले, हार्वी वृद्धाश्रमात आहे आणि कुणालाच ओळखत नाही, बाकीचे जमिनी विकून मुलांच्या गावी गेले. मी जन्मभर शाळेची बस चालवली. पोरांचा कालवा इतका कानात बसलाय की आता घरातली शांतता मला झेपत नाही. मी किटलीला शिव्या घालते, टीव्हीवरच्या बातम्यावाल्या बाईला उलट उत्तरं देते. लाज कसली त्यात? एकटीनं दुसरं करायचं काय! दिवसभरातलं माझं खरं बोलणं म्हणजे सकाळी ह्या टेबलावर ओरेस्टशी भांडण. ते होतं म्हणून मी उठून केस विंचरत होते.

तर त्या मंगळवारी मारितेसनं काउंटरवरचा रेडिओ मोठा केला. पहिलीच बातमी आली की हॅमिल्टनहून चेंडू फेकणारा कोल्टन रीव्ह आपल्याकडे येतोय. वय चौतीस.

"चौतीस!" मी टेबलावर हात आपटला. "दोन्ही गुडघे उघडून शिवलेला माणूस! ह्याला मैदानात उतरवायचा की देव्हाऱ्यात बसवायचा?"

आता पाळी ओरेस्टची. तो तरुणपणी पुढच्या फळीत खेळलेला. म्हणजे ज्यांच्याकडे कधी चेंडू येत नाही, नुसती समोरच्याला धडक द्यायची असते, त्यातला. त्याचं मत दगडावरची रेघ. फेकणारा म्हातारा असो की आंधळा, पुढची फळी दणकट असली की झालं. हे तो मला बोट नाचवत ऐकवणार, मी त्याला ठोंब्या म्हणणार, तो मला बसवाली म्हणणार.

ओरेस्टनं कॉफी ढवळली, माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "हो, बरोबर आहे तुझं."

"काय बरोबर आहे?"

"हो, हो."

मला वाटलं, थट्टा करतोय मेला. तेवढ्यात दुसरी बातमी आली. विनिपेगहून पुढच्या फळीतला एक गडी आणलाय, आपल्याच मुलखातला, सहा फूट सहा इंच, खांदे दाराएवढे. हे तर ओरेस्टच्या घरचं कार्य! मी मुद्दाम काडी टाकली. "कशाला आणलं हे बटाट्याचं पोतं? त्यापेक्षा दोन चपळ पोरं आणायची."

"तेही खरंच," ओरेस्ट म्हणाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि जे ह्या गावात कुणी दारू पिऊनसुद्धा बोलत नाही ते बोलले. "मला विचारशील तर कॅल्गरीचा संघ आपल्यापेक्षा भारी आहे."

मारितेसचा कॉफी ओतणारा हात हवेतच थांबला. पलीकडच्या टेबलावरचे दोन ट्रकवाले वळून बघायला लागले. ओरेस्ट मान डोलावून म्हणाला, "बरोबर."

तो बाथरूमला गेल्यावर मारितेस माझ्याजवळ आली. "व्हर्नाताई, ह्यांना ताप आहे का हो?"

"ताप कसला! खोड मोडल्यासारखा बसलाय नुसता."

"रविवारी त्यांची मुलगी आली होती म्हणे. डारिया. कॅल्गरीहून. ती तिकडे न्यायचं म्हणते, असं पोस्टातली सांगत होती."

असं होय! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा निघाला. जाता जाता ह्या म्हातारीशी वाकडं नको, म्हणून चाललंय हे होला हो. तो परत येऊन बसला तेव्हा मी सरळ त्याच्या तोंडावर म्हटलं, "जायचं ठरवलंयस ना? मग नीट सांग. मयताच्या घरी बोलतात तसं गोड बोलू नकोस माझ्याशी. तुझ्या गोड बोलण्याची मला गरज नाही."

तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. हसू जरासं विस्कटलं. "तुझंच खरं," तो म्हणाला, कोट चढवला आणि गेला.

बुधवारी आला नाही. गुरुवारी नाही. मी एवढ्या मोठ्या टेबलावर एकटी बसले आणि रेडिओवरच्या माणसाशी भांडले, तो काही उलट बोलेना. शुक्रवारी मारितेसकडून दालचिनीचे बन बांधून घेतले आणि गाडी काढून त्याच्या शेतावर गेले. म्हटलं, एकदा कचकचून भांडून तरी घेऊ, मग जा म्हणावं कुठे जायचं तिकडे.

गाडीतून उतरले तर अंगणात टीव्ही ऐकू येत होता. बंद खिडक्यांतून, बंद दारातून! काचा थरथरत होत्या. बेल दाबली, दार बडवलं, काही नाही. इकडे दारांना कुलपं नसतात. आत गेले.

टीव्हीवर तिघे जाणकार आमच्या नव्या भरतीवर बोलत होते, बोलत कसले, गर्जत होते. ओरेस्ट टीव्हीला चिकटून स्टुलावर बसला होता. डोळे मिटलेले. गाभण गाईच्या पोटाला कान लावावा तसा त्यानं टीव्हीच्या कडेला कान लावला होता.

मी दारातच थांबले. बन हातातच राहिले.

मी खांद्यावर हात ठेवला तसा तो दचकून उभा राहिला. मग माझं तोंड बघून त्याला कळलं की मला कळलंय. त्यानं टीव्ही बंद केला. काय शांतता ती! माझ्या घरात असते तशीच.

"डावा सुगीतच गेला," तो खालमानेनं म्हणाला. "उजव्यानं नाताळनंतर दगा दिला. ते कानातलं यंत्र आणलं होतं, त्यात नुसता मळणीयंत्राचा खडखडाट. इथं घरात, जवळ येऊन कुणी ओरडलं तर थोडं लागतं. कॅफेत भांडी वाजतात, रेडिओ असतो. काही म्हणजे काही कळत नाही."

मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मग सांगायचं नाही का, गाढवा?"

"डारियाला कळलं तर उचलून नेईल. आणि तुला सांगून काय? बहिऱ्याशी कोण भांडतं, व्हर्ना? बहिऱ्याला लोक बन आणून देतात."

मी बन मागे लपवले.

"हो म्हटलं की माणसं खूश होतात," तो म्हणाला. "पुढे काही विचारत नाहीत. तू एकटीच खूश होईनास. तुझं एक अक्षर कळत नव्हतं मला, पण तुझं तोंड चाललेलं बघायला यायचो मी. बरं वाटायचं."

आता ह्यावर काय बोलायचं? आणि बोलून ऐकणार कोण? रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. माझ्या डोक्यावर नारिंगी लोकरी टोपी होती, शिकारीच्या मोसमात घालतात तसली भगभगीत. ती काढली आणि फाडकन त्याच्या पायापाशी फेकली.

आमच्या खेळात पंचाचा रुमाल नारिंगीच असतो. तो जमिनीवर पडला की समजायचं, कुणीतरी आगळीक केली. मग मी पंच करतो तसं एका हाताची मूठ वळली आणि दुसऱ्या हातानं ते मनगट घट्ट धरलं. म्हणजे, धरून ठेवलंस. दहा यार्ड दंड.

ओरेस्टनं टोपीकडे बघितलं. माझ्या मनगटाकडे बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय, तर म्हातारा हसत होता. मग त्यानं दोन्ही हात खाली आडवे फिरवले, एकमेकांवरून. म्हणजे दंड सोड. हे मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात असतं. त्यानं दंड घेतला तर डाव पुन्हा खेळायचा, सोडला तर जे झालं ते कायम.

मी कशाला सोडते? मी मान हलवली आणि त्याच्या कानात ओरडले, "दंड घेतला! डाव पुन्हा! सोमवारी नऊला टेबलावर यायचं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. आणि पुन्हा हो म्हणालास तर याद राख!"

सोमवारी आला. मारितेसनं भरतीची बातमी छापलेला पेपर मधोमध पसरला, आणि आमचं सुरू झालं. मी कोल्टन रीव्हच्या फोटोवर बोट ठेवलं आणि माझे गुडघे धरून कण्हले. ओरेस्टनं पुढच्या फळीतल्या त्या धिप्पाड गड्याच्या फोटोवर थाप मारली आणि दोन्ही हात सरळ वर केले. सहा गुण! मी आडवे हात फिरवले, हट्, कसले गुण. तो कमरेवर हात ठेवून बसला. म्हणजे व्हर्ना, वेळेआधी रेषेपुढे सरकलीस, आधी त्याला खेळू तर दे. मग चेंडूला लाथ मारणारा नवा पोरगा निघाला. मी नाक मुरडलं, गेल्या वर्षी त्याच्या किती लाथा खांबाबाहेर गेल्या! ओरेस्टनं एक बोट वर केलं. आमच्याकडे चुकलेल्या लाथेलाही एक गुण मिळतो. ते बोट त्यानं माझ्या नाकापुढे इतका वेळ नाचवलं की मी ते चावायचीच राहिले.

ट्रकवाले आमच्याकडे बघून खो खो हसत होते. हसू देत. मारितेससुद्धा शिकली, कॉफी संपली की दोन्ही हात वर करायची. मी घरी जायची ती दमून. किटलीला शिव्या घालायचं राहूनच जायला लागलं. एखाद्या दुपारी आरशासमोर हातवारे करून बघायची, उद्या त्याला कुठल्या गड्यावरून चिडवायचं त्याचे.

मार्चमध्ये एका सकाळी कॅफेतून निघालो. त्याचा ट्रक पुढे, माझी गाडी मागे. गावाबाहेर रेल्वेचं फाटक नाही, नुसता रूळ आडवा जातो. गव्हाची मालगाडी येत होती. भोंगा वाजला. माझ्या काचा बंद होत्या, हीटर चालू होता, तरी मला तो दातांत जाणवला. ओरेस्टचा ट्रक थांबला नाही. हळूसुद्धा झाला नाही. तो रूळ ओलांडून गेला आणि मागोमाग इंजिन धडधडत आलं. डबे संपेपर्यंत मी रुळाअलीकडे स्टीअरिंग धरून बसले होते.

त्याच्या अंगणात जाऊन मी त्याला सगळं ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "पन्नास वर्षं तो रूळ ओलांडतोय मी."

"उद्यापासून मी नेते-आणते तुला."

"शाळेचं पोर आहे का मी? तुझ्या बसमध्ये बसवतेस?"

"बघून तरी चालव, मेल्या!"

"हो, हो," तो म्हणाला. आणि ह्या वेळी त्याला सगळं ऐकू आलं होतं.

त्या दिवशी मी फोनपाशी बसून राहिले. नाही सांगितलं तर तो उद्या नऊला टेबलावर येईल. परवाही येईल. आणि एक दिवस येणार नाही, आणि त्या दिवशी भोंगा मला घरात ऐकू येईल. सांगितलं तर टेबलावर मी एकटी. मी देवाला म्हटलं, बाबा रे, दुसरं काही दे, हे नको. मग उठून डारियाला फोन लावला. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मुली कुठल्या गुपित ठेवायला! डारिया आली, ट्रकच्या किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि बापाला सगळं सांगितलं, कोणी फोन केला तेही. ओरेस्ट कॅफेत आला नाही. मी गेले तर त्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि आत निघून गेला. त्याच्याशी भांडायलाही कान लागत होता, आणि तो कान त्यानं फिरवला होता.

निघायच्या दिवशी मी गेलेच. अंगणात बर्फ अजून घोट्यापर्यंत होतं. डारियाच्या गाडीत सामान कोंबलेलं. ती मला मिठी मारून म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "ते जाऊ दे." उपकार! त्या शब्दाची शिसारी आली मला.

ओरेस्ट बाहेर आला. अंगात हिरवं जाकीट. कॅल्गरीला जातोय आणि अंगात हिरवं जाकीट! मला हसू येणार होतं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडीपर्यंत गेला, दाराला हात घातला, थांबला. मग वळून तसाच माझ्यासमोर आला. हात वर केला, माझ्या डोक्यावरची नारिंगी टोपी ओढून काढली आणि फाडकन माझ्या पायाशी बर्फात फेकली.

मी हललेसुद्धा नाही. खरंच होतं. मी त्याच्या पाठीमागून वार केला होता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा केला असता. मी खाली टोपीकडे बघत उभी राहिले, डोक्याला वारा झोंबत होता. म्हटलं, घे, हवा तेवढा दंड घे.

त्यानं माझ्या हनुवटीला बोट लावून माझं तोंड वर केलं. त्याला मी बघायला हवी होते. मग सावकाश, लांबच्या प्रेक्षकालाही दिसेल अशा बेतानं, त्यानं दोन्ही हात खाली आडवे फिरवले, एकमेकांवरून.

दंड सोडला.

वाकून त्यानं टोपी उचलली, मांडीवर आपटून बर्फ झाडलं आणि माझ्या डोक्यावर घातली, कानांवर नीट ओढून. आणि गाडीत जाऊन बसला. गाडी अंगणाच्या फाटकातून बाहेर पडली, सपाट माळावर दूर दिसणाऱ्या रुळापाशी थांबली, डारियानं दोन्हीकडे बघितलं असणार, आणि पलीकडे गेली.

मग मी मोकळ्या रस्त्याकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडले, "घ्यायचा होतास रे दंड! घ्यायचा होतास, गाढवा! डाव पुन्हा खेळलो असतो!"

दुसऱ्या दिवशी नऊला मी टेबलावर जाऊन बसले. मारितेसनं न विचारता दोन कप ठेवले, आणि मग एक उचलून नेला.